पंखा तो चल रहा है साब

मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दुपारचे अडीच वाजलेले. सांगानेरच्या विमानतळावरून आबांना घेऊन आम्ही टोंक रोडने क्वार्टरकडे परतत होतो. बाहेर ४४ अंश. माझ्या शेजारी आबा, मागे सौभाग्यवती आणि मुलगी. एका मोठ्या सिग्नलला ट्रॅफिक तुंबलं. सिग्नल दोनदा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला, तरी आम्ही जागच्या जागी. विमानतळापासून मध्यावर गप्प बसलेला टेम्परेचरचा काटा उठला आणि लाल रेघेकडे चालू लागला.

एसीतून गरम वारा यायला लागला. मी एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. ४४ अंशांत हीटर! मागून मुलगी ओरडली, "बाबा, काय करताय?" इंजिनातली उष्णता जमेल तेवढी आत ओढून घेत होतो, पण हे समजावून सांगायची ती वेळ नव्हती. कशीबशी गाडी डाव्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं. बॉनेटच्या फटीतून वाफ येत होती.

आबांची सहा वर्षांपूर्वी बायपास झालेली आहे. त्यांना एका कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची शेजारच्या चहावाल्याची. त्याच चहावाल्याचा पोरगा पाण्याचा जग आणि फडकं घेऊन धावत आला आणि थेट रेडिएटरच्या झाकणाला हात घालू लागला. मी त्याचं मनगट धरलं. माझ्या डाव्या हातावर कोपरापर्यंत जो पांढरा डाग आहे, तो अशाच एका झाकणाचा आहे. आतलं पाणी दाबाखाली असतं. ११० अंशांचं पाणी झाकण सैल होताच क्षणात वाफ होतं आणि अंगावर येतं. पोराचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूने हात भाजायचा थांबत नाही.

पाऊण तास आम्ही तिथे होतो. आबांनी खुर्चीतून एकच प्रश्न विचारला, "तापते कधी? चढाला, पळताना, का उभी असताना?"

मी म्हणालो, "आबा, ही तुमची एसटी नाही. यात सगळं कॉम्प्युटरवर असतं."

आबा एसटीत ३१ वर्षं ड्रायव्हर होते. ते काही बोलले नाहीत, नुसतं पाणी प्यायले. या लेखात मी पुढे बऱ्याच जणांना बोल लावणार आहे, म्हणून सुरुवात स्वतःपासून केली.

मंडळी, ही तिसरी वेळ होती. पहिल्यांदा गाडी तापली मार्चच्या शेवटी. शहरातल्या एका गॅरेजला दाखवली. नाव लिहीत नाही, कारण नाव महत्त्वाचं नाही. हेच गॅरेज तुमच्या गावातही आहे. तिथे कूलंट बदललं, थर्मोस्टॅट वॉल्व बदलला : १८०० रुपये. एप्रिलमध्ये पुन्हा तापली. "साब, रेडिएटर चोक है." नवा रेडिएटर : ५२०० रुपये. दहा दिवसांनी पुन्हा काटा वर जाऊ लागला. "साब, मोटर कमजोर है." पंख्याची नवी मोटर : ३४०० रुपये. तीन वेळची मजुरी मिळून २५००. एकूण १२,९०० रुपये, आणि तरीही आबा भर दुपारी रस्त्यावर.

प्रत्येक वेळी मी एकच शंका काढली होती : पंख्याचं काही नाही ना? आणि प्रत्येक वेळी बॉनेट उघडून, एसी लावून, बोट दाखवून मला एकच उत्तर मिळालं : "देखिए, पंखा तो चल रहा है साब."

खरंच चालत होता. मीही पाहिलं, मान डोलावली, पैसे दिले. मी पायदळातला माणूस असलो तरी हवालदार असताना पाच वर्षं पलटणीचं एमटी सांभाळलेलं आहे. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही.

पुढच्या रविवारी आमच्या शेजारच्या ब्लॉकमधला ईएमईचा एक हवालदार आला. नांदेडकडचा पोरगा, वाहनांच्या इलेक्ट्रिकलचं काम करणारा. येताना स्वतःच्या पैशाने घेतलेला मल्टीमीटर घेऊन आला. आधीच सांगतो, सरकारी वर्कशॉपचा एक पाना वापरला नाही. त्याने बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "साहेब, गाडी उभी असताना तापते की पळताना?"

मी आबांकडे पाहिलं. आबा पेपर वाचत होते. वाचत असल्याचं दाखवत होते.

"उभी असताना. हायवेला काहीच नाही."

"एसी बंद ठेवला तर?"

"थोडी कमी तापते."

"पाणी कमी होतं का?"

"नाही."

तो म्हणाला, "मग साहेब, रेडिएटर, वॉल्व, पंप यांच्यावर संशय घ्यायचं कारणच नव्हतं."

हे का, ते समजून घ्या, कारण सगळा लेख यावर उभा आहे. पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली कूलंटला बाहेर फेकावी लागते. गाडी ६०-७० च्या वेगाने पळत असेल तर समोरून येणारा वारा हे काम करतो. पंख्याची फारशी गरज लागत नाही. गाडी उभी राहिली की वारा बंद. मग सगळा भार पंख्यावर. म्हणून पळताना थंड आणि उभी असताना गरम, याचा सरळ अर्थ हवा कमी पडते आहे. पळताना, विशेषतः वेगात, तापत असेल तर पाण्याकडे बघा : रेडिएटर आतून भरलाय का, वॉल्व अडकलाय का, पंप ढिला आहे का. पाणी विनाकारण कमी होत असेल तर गळती किंवा हेड गॅस्केट. हा एक प्रश्न विचारला असता तर १२,९०० मधले निदान सात हजार वाचले असते. प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत.

त्याने इंजिन चालू करून एसी लावायला सांगितला. पंखा फिरू लागला. मी म्हणालो, "बघ, चालतोय." तो हसला. मुलीच्या वहीचा एक कागद मागितला आणि पुढच्या जाळीवर धरून सोडून दिला. पंखा हवा आत ओढतो. पूर्ण जोरात असेल तर कागद जाळीला चिकटून राहायला हवा. कागद घसरत खाली पडला.

मग मल्टीमीटर. बॅटरीवर १३.७ व्होल्ट. पंख्याच्या कनेक्टरवर ९.३. म्हणजे ४.४ व्होल्ट वाटेत कुठेतरी गडप. पॉझिटिव्हच्या वाटेवर मोजलं : ०.३, म्हणजे फ्यूज, रिले, वायर सगळं ठीक. निगेटिव्हच्या वाटेवर, पंख्याच्या काळ्या वायरपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत : ४.१ व्होल्ट. चोर सापडला.

काळी वायर हेडलाइटखाली बॉडीला एका बोल्टने जोडलेली होती. बोल्टला हात लावला तर चटका बसला. दहा-बारा अँपिअरचा करंट आणि चार व्होल्टची तूट म्हणजे चाळीस-पन्नास वॅट उष्णता त्या एका बोल्टात मुरत होती, एखाद्या सोल्डरिंग आयर्नइतकी. बोल्ट खोलला. गाडी मी सेकंडहँड घेतलेली आहे. आधीच्या मालकाच्या काळात पुढून ठोकली गेली असावी, कारण तिथे नव्याने रंग मारलेला होता आणि त्या रंगावरच वायरचं थिंबल ठेवून बोल्ट आवळलेला होता. रंगातून वीज जात नाही. बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा करंट जात होता. त्यावर गंज चढत गेला आणि ती वाटही अरुंद होत गेली.

पॉलिश पेपरने रंग आणि गंज घासून पत्रा चकचकीत केला. नवं थिंबल लावलं, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली फासली. पुन्हा मोजलं : तूट ०.१. पंख्याला आता १३.३ व्होल्ट मिळू लागले. आवाजच बदलला. इतके दिवस जो गुणगुणत होता तो आता घोंघावू लागला. कागद जाळीला चिकटला आणि चिकटून राहिला. एकूण वेळ ३५ मिनिटं. खर्च २० रुपये, तेही थिंबल एक लागतं तिथे मी पाच आणली म्हणून.

आता एक शंका तुमच्या मनात येईल. हा दोष जुना होता, तर हिवाळ्यात गाडी का तापली नाही? रेडिएटर उष्णता किती फेकू शकतो ते आतलं पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. जयपूरच्या जानेवारीत दुपारी बाहेर २२ अंश असतात. कूलंट ९५ धरलं तर फरक ७३ चा. मे महिन्यात बाहेर ४५, फरक ५० चा. म्हणजे तोच रेडिएटर, तोच पंखा, पण एक तृतीयांश ताकद ऋतूनेच काढून घेतली. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो, त्यामुळे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच गरम झालेली. आणि पंखा ९.३ व्होल्टवर असेल तर त्याचा वेगही अंदाजे तीस टक्के कमी. जानेवारीत ही कमतरता झाकून गेली. मे महिन्याने ती उघडी पाडली. दोष उन्हाळ्यात झाला नाही, उन्हाळ्यात फक्त दिसला.

म्हणून माझं भांडण त्या एका वाक्याशी आहे : "पंखा तो चल रहा है." हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच घातक आहे. फिरणं आणि पुरेसं फिरणं यात फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसत नाही. तो मोजावा लागतो. जो मेकॅनिक मोजत नाही तो दुरुस्ती करत नाही, तो लॉटरी खेळतो, आणि तिकिटाचे पैसे आपले असतात. त्याने रेडिएटर बदलला तेव्हा मी पैसे दिले ते रेडिएटरचे नव्हते. ते त्याच्या न विचारलेल्या प्रश्नाचे होते.

लॉटरी लागली नाही की मग जुगाड सुरू होतो. तिसऱ्या खेपेला मला सुचवलेला इलाज असा : "साब, पंखा डायरेक्ट कर देते हैं." म्हणजे रिले आणि सेन्सर बाजूला ठेवायचे, पंख्याला थेट वायर ओढायची आणि डॅशबोर्डवर एक बटण लावायचं. जयपूर सोडा, पुणे-साताऱ्यातही अशा शेकडो गाड्या फिरत असतील. मी हो म्हणता म्हणता राहिलो. केलं असतं तर काय झालं असतं? दोष अर्थिंगमध्ये होता, पॉझिटिव्ह वायर कितीही डायरेक्ट केली तरी पंखा ९ व्होल्टवरच फिरला असता! वर, पाच अँपिअरच्या लायकीच्या बटणातून दहा-बारा अँपिअर नेले असते आणि डॅशबोर्डच्या आत आग लागायची सोय करून ठेवली असती. शिवाय बटण दाबायचं एक दिवस विसरलो असतो. विसरण्याचा धोका नको म्हणून तर सेन्सर असतो.

दुसरा जुगाड म्हणजे थर्मोस्टॅट वॉल्व काढून टाकणं. "अपने यहाँ गरमी है, इसकी ज़रूरत नहीं." हे वाक्य मी पठाणकोटपासून बेळगावपर्यंत ऐकलंय. वॉल्व साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर कामाच्या तापमानाला आणतो. तो नसेल तर इंजिन बराच वेळ थंड राहतं, कॉम्प्युटरला वाटतं अजून गरम झालं नाही, तो पेट्रोल जास्त सोडतो. ॲव्हरेज पडतं, इंजिनाची झीज वाढते. काही इंजिनांत तर वॉल्व काढल्यावर रेडिएटर टाळून जाणारी वाट कायमची उघडी राहते आणि गाडी उलट जास्त तापते. पण काट्यावर चार दिवस तापमान खाली दिसतं, मालक खूश, मिस्त्री खूश.

तिसरा जुगाड आपण घरीच करतो : कूलंटऐवजी नळाचं पाणी. राजस्थानच्या बोअरचं पाणी किती जड आहे ते इथल्या कुठल्याही गीझरचा कॉइल बघून कळेल. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कूलंट फक्त बर्फातल्या पोस्टिंगसाठी असतं हा आपल्याकडचा गोड गैरसमज आहे. ते अॅल्युमिनियमला गंजण्यापासून वाचवतं. पाण्याबरोबर निम्मं-निम्मं मिसळलं तर साध्या हवेच्या दाबालाही ते १०० ऐवजी १०६-१०७ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाच्या दाबाने ती मर्यादा आणखी वर जाते. म्हणून झाकणाचं रबर फाटलेलं असेल तर तेही बदला. शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणाने इंजिनं वाचतात.

फौजी माणूस जुगाडाचं फार कौतुक करतो. मीही केलंय. चौकीवर, बर्फात, स्पेअर यायला चार दिवस लागणार असताना पट्ट्याच्या जागी दोरी बांधून गाडी खाली आणणं याला मी सलाम करतो. पण ती दोरी गाडी वर्कशॉपपर्यंत पोचवायला असते. जयपूरसारख्या शहरात, जिथे ट्रान्सपोर्ट नगरला जगातला कुठलाही पार्ट मिळतो, तिथे दोरी बांधून कायमचा संसार करायचा याला हुशारी म्हणत नाहीत, आळस म्हणतात.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हा लेख म्हणजे एकतर्फी कोर्ट मार्शल होईल. त्या मिस्त्रीच्या जागी बसून बघा. समजा त्याने तासभर मोजमाप केलं आणि त्याला तो बोल्ट सापडला. बिल काय करेल? थिंबल चार रुपये, पॉलिश पेपर दहा रुपये. तपासणीचे सातशे लावले तर मी काय म्हणालो असतो? खरं सांगतो, मी म्हणालो असतो, "एक बोल्ट घासायचे सातशे? लूट आहे!" आणि तोच मी ५२०० चा रेडिएटर निमूट घेतला, कारण तो खोक्यातून निघाला होता, हातात धरता येत होता, चमकत होता. आपल्याला वस्तूचे पैसे द्यायला आवडतात, अक्कलेचे द्यायला जिवावर येतं. मग बाजार आपल्याला वस्तूच विकणार. डॉक्टरला आपण तपासणीची फी देतो, गोळ्यांची वेगळी. मिस्त्रीला तपासणीची फी द्यायला मात्र आपण तयार नाही. त्याचं पोट पार्टच्या कमिशनवर ठेवलंय आपण, आणि वर म्हणतो की तो पार्ट का बदलतो.

मोठ्या चकचकीत सर्व्हिस सेंटरची गोष्ट वेगळी आहे असं समजू नका. तिथे स्कॅनर लावतात, कोड येतो, कोडच्या नावाचा पार्ट बदलतात. स्कॅनर तक्रार सांगतो, कारण सांगत नाही. माझ्या गाडीच्या कॉम्प्युटरने पंख्याला हुकूम दिला होता, रिलेने तो पाळला होता. त्याच्या हिशेबी सगळं ठीक होतं. गंजलेला बोल्ट कुठल्याही कोडमध्ये येत नाही.

आणि आपली फौज? आपल्याकडे फर्स्ट परेड आहे, हॉल्ट परेड आहे, लास्ट परेड आहे. जगातली उत्तम पद्धत. सकाळी गाडी हलायच्या आधी तेल, पाणी, बॅटरी, पट्टा, टायर, सगळं बघायचं. पण एमटीमध्ये राहिलेल्या प्रत्येकाने छातीवर हात ठेवून सांगावं : किती सकाळी आपण खरंच बघितलं आणि किती सकाळी नुसती टिक मारली? "पाणी?" "ठीक है साब." "बेल्ट?" "ठीक है साब." हे "ठीक है साब" आणि ते "चल रहा है साब" सख्खे भाऊ आहेत. मी पाच वर्षं त्या टिकांखाली सह्या केल्या आहेत. म्हणून त्या गॅरेजात माझी मान सवयीने डोलली.

गंमत बघा, हे सगळं घडलं जयपुरात. सवाई जयसिंगाने १७२७ साली वसवलेलं हे शहर. त्या राजाला पितळेच्या छोट्या यंत्रांवर आकाशाची मापं चुकत होती. यंत्रं झिजत, हलत, आकडा फिरे. त्याने "अंदाजे चालतंय" असं म्हटलं नाही. दगड-चुन्याची यंत्रं उभी केली. त्यातलं सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे आणि त्याच्या सावलीवर दोन सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येते. त्याच्या दरबारातला मोठा गणिती जगन्नाथ सम्राट हा आपल्या महाराष्ट्रातला. युक्लिडची भूमिती त्याने संस्कृतात आणली. अडीच-तीनशे वर्षांपूर्वी या गावात दोन सेकंदांसाठी दगड चढवले गेले, आणि आज त्याच गावात चार व्होल्ट हरवले तर कुणी मोजत नाही, हे मला बोचतं.

माजी सैनिक मित्रांनो, हे खास तुमच्यासाठी. रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटीतून आपण पहिली गाडी घेतो, बहुतेकदा सेकंडहँड. मे महिन्यात गावी जाताना खंबाटकीच्या चढाला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांत आपलीही एक असते. आमच्या पलटणीचे एक सुभेदार साहेब काटा लाल रेघेवर असताना "आता घाट संपेलच" म्हणून पुढे गेले. हेड वाकलं, गॅस्केट गेलं, इंजिनाचं काम निघालं, पेन्शनचे दोन महिने त्यात गेले. कारण? पंख्याचा जळालेला फ्यूज.

म्हणून गॅरेजला जायच्या आधी घरीच एवढं करा. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी बघा. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. फिरला तर जाळीवर कागद धरून ओढ बघा. फिरलाच नाही तर आधी फ्यूज बघा, मग हॉर्नचा किंवा दुसरा त्याच नंबरचा रिले अदलाबदल करून बघा. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर चांगली आहे, सेन्सरकडे संशय वळवा. चालू इंजिनात पंख्याजवळ हात, ओढणी, टायची टोकं नेऊ नका. आणि काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा अचानक सुरू होतो, हे विसरू नका.

गॅरेजमध्ये गेलात तर आधी सांगा : तपासणीचे पैसे वेगळे देईन, दोष सापडला तरी आणि तो चार रुपयांचा निघाला तरी. मग हक्काने विचारा : कनेक्टरवर किती व्होल्ट आले? आकडा सांगा. आकडा नसेल तर पार्ट बदलू देऊ नका. आणि काढलेला जुना पार्ट घरी आणा.

रस्त्यात तापलीच तर एसी बंद, हीटर चालू, गाडी कडेला. काटा उतरला नाही किंवा वाफ दिसली तर इंजिन बंद. निदान अर्धा तास झाकणाला हात नाही. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतायचं नाही, हेड तडकतं. घाट संपेलच असं म्हणायचं नाही.

आणखी एक सल आहे, ती बोलून टाकतो. तो नांदेडचा हवालदार आणखी काही वर्षांनी, चाळिशीतच, रिटायर होईल. त्याच्यासारखे कितीतरी ईएमईवाले, ज्यांनी वीस-वीस वर्षं रणगाडे आणि गाड्यांची सर्किटं तपासली, आज पुण्यात सोसायटीच्या गेटवर रजिस्टर घेऊन बसलेत, येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहीत. त्यातल्या कित्येक गाड्यांचे पंखे अर्ध्या जोरात फिरत असतील आणि बॉनेट न उघडता ते त्याला आवाजावरून कळत असेल. पण कुणी विचारत नाही. गावात दोन माजी सैनिकांनी मिळून फक्त तपासणीचं दुकान काढावं. पार्ट विकायचा नाही, फक्त दोष शोधून कागदावर आकड्यासह लिहून द्यायचा आणि त्याची फी घ्यायची. चालेल का? आपण फी द्यायला तयार असू तर चालेल. सगळं त्यावर आहे.

माझ्या हातून या सगळ्यात एकच शहाणपण झालं. जुना रेडिएटर आणि जुनी मोटर मी घरी आणून बाल्कनीत ठेवली होती. त्या रविवारी हवालदाराने जुनी मोटर थेट बॅटरीला लावली. ती अशी गरगरली की मांजर पळालं. रेडिएटरमध्ये पाणी सोडून बघितलं. वरून घातलेलं खालून धो-धो आलं. दोन्ही ठणठणीत होते.

आबा बाल्कनीच्या दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "आमच्या डेपोत मिस्त्री आधी विचारायचा, मग पाना उचलायचा."

मी म्हणालो, "चुकलं आबा."

"माझं काय," ते म्हणाले, "त्या पोराला जेवायला थांबव."

जय हिंद.